तुम्ही विचारलंत म्हणून : फोन असताना हे डबडं कशाला?

संध्याकाळी ग्रामपंचायतीला कुलूप लावलं की मी तासभर गावात चक्कर मारतो. फोन खिशात असतोच. शिवाय मनगटाला दोरीने एक जुना कॅमेरा लटकलेला असतो, आणि तो दिसला की पारावरच्या म्हाताऱ्यांपासून यवतमाळहून आलेल्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना एकच प्रश्न पडतो. "फोनात एवढा भारी कॅमेरा हाय, मंग हे डबडं काहून घेऊन फिरता जी?" परवा लग्नाच्या मांडवात तुम्हीही तेच विचारलंत. हातात जेवणाचं ताट होतं, म्हणून "असंच, हौस" म्हणून मी वेळ मारून नेली. ते उत्तर खरं नव्हतं.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात संगणक परिचालक आहे. गाव मला ऑपरेटर म्हणतं, आणि माझं खरं नाव निम्म्या पोरांना ठाऊक नसावं. दाखले देणं, अर्ज भरणं, कागद चढवणं हे माझं काम. त्यामुळे माझ्या फोनची गॅलरी कधी उघडून पाहिलीत तर चक्रावाल. लोकांची आधार कार्डं, पासबुकांची पहिली पानं, सातबारे, रेशनकार्डं, आणि मग फोटो. घरकुलाच्या जोत्यापुढे उभा लाभार्थी, तोच लाभार्थी छज्जापर्यंत बांधकाम आल्यावर, तोच स्लॅब पडल्यावर. शौचालयाच्या दारात उभ्या असलेल्या बाया, डोक्यावरचा पदर सारखा करत, कुठे बघायचं ते न कळलेल्या. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करणं, राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून पिकांचेही फोटो. ज्यांना ॲप जमत नाही ते मला वावरात घेऊन जातात, आणि मी तुरीच्या ओळीत उभा राहून फोटो काढतो. बऱ्याच फोटोंच्या खाली नकाशाची पट्टी, अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ.

दोन वर्षांपूर्वी, पौषात, आमच्याच गल्लीतले एक काका गेले. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आधार कार्ड घेऊन आला. "भाऊ, याच्यातला फोटू मोठा करून द्या, तेरवीच्या पत्रिकेवर टाकाचा हाय." आधारवरचा फोटो केवढा असतो तुम्हाला माहीत आहे. मोठा केला तर चेहऱ्याचे चौकोन झाले. मी म्हटलं थांब, माझ्या फोनात काका नक्की असतील. होते ना. अकरा फोटो निघाले. जोत्यापुढे काका, विहिरीजवळ काका, पऱ्हाटीत कमरेइतके बुडालेले काका. सगळ्यांत ते ताठ, हात मांड्यांना चिकटलेले, चेहरा करंगळीच्या नखाएवढा, कारण फोटो घराचा आणि पिकाचा होता. हे काका गावात पोळ्याला सगळ्यात खणखणीत झडत्या, म्हणजे बैलांपुढची गमतीची कवनं, म्हणायचे. तोरणाखाली उभे राहून अख्खा पोळा हसवायचे. त्या अकरांपैकी एकाही फोटोत त्यांचं तोंड उघडं नव्हतं. शेवटी आधारचाच फोटो छापला.

त्यानंतर काही दिवस फोन वर धरला की मला कसंतरी व्हायचं. आणि समोरच्यालाही व्हायचं, हे मी तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. गप्पा मारत बसलेली माणसं ऑपरेटरने फोन काढला की उठून उभी राहतात. टोपी सरळ करतात. "कायचा सर्वे हाय?" विचारतात. एका आजीने तर मला बघून घरातून पासबुक आणलं होतं. मी फक्त तिच्या अंगणातला शेंदरी झेंडू टिपत होतो.

कॅमेरा पुण्याच्या मामेभावाकडून आला. त्याच्या कपाटात पडून होता, त्याने तो मला देऊन टाकला. कॅनन पॉवरशॉट ए-५९० आयएस, २००८ साली आलेलं मॉडेल. आठ मेगापिक्सेल, चारपट झूम, दोन पेन्सिल सेल. आत्ताच सांगून टाकतो, फोन याच्यापेक्षा चांगला आहे. या कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम पावणेसहा मिलिमीटर रुंद, म्हणजे तुरीच्या एका दाण्याएवढा. दिवेलागण झाली की फोटोत खसखस पेरल्यासारखे ठिपके दिसतात. तेव्हा "जुन्या कॅमेऱ्याचे रंगच वेगळे" वगैरे जे बोललं जातं ते मी बोलणार नाही.

पहिल्या दिवशी किराणा दुकानातून घड्याळात घालतो ते सेल आणले. सात फोटोंत कॅमेरा आंधळा झाला. मला वाटलं बिघडला. मग कळलं की घड्याळाला दिवसाकाठी थेंब थेंब वीज लागते आणि कॅमेऱ्याला भिंग बाहेर ढकलायला एकदम घोट लागतो. तो साध्या सेलमधून निघत नाही. चार्जिंगचे निकेलवाले सेल आणले तेव्हा गाडी रुळावर आली. त्यांच्यावर दीड व्होल्टऐवजी सव्वाच्याही खालचा आकडा लिहिलेला असतो, १.२, पण घोट देण्यात ते तयार.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याला वर एक काचेचं भोक आहे, डोळा लावून बघायचं. आमच्याकडे फेब्रुवारी संपला की उन्हात कुठलाही पडदा काळा दिसतो, फोनचासुद्धा. हाताची सावली करून बघावं लागतं. भोकातून मात्र भर दुपारीही दिसतं. खोट एवढीच की ते भोक भिंगाच्या जरा वर आणि बाजूला आहे. लांबचं ठीक येतं, पण हातभर अंतरावरचा माणूस तुम्हाला दिसतो एका जागी आणि फोटोत येतो दुसऱ्या. सुरुवातीला मी गावातल्या किती तरी जणांची टाळकी उडवली. शिवाय भोकातून दिसतं त्यापेक्षा फोटोत चहूबाजूंनी थोडं जास्तच येतं. म्हणून माझ्या फोटोंच्या कडांना न बोलावलेली मंडळी असतात. बकरीचं ढुंगण, पोट्ट्याचा एक पाय, बंडीचं चाक. आता मला त्यांची सवय झाली आहे, थोडा लोभही.

माहितीपुस्तकात लिहिलंय, हा कॅमेरा ० ते ४० अंशांत वापरावा. नवतप्यात, म्हणजे मे-अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, हे वाक्य मी पारावर वाचून दाखवलं तेव्हा एक आबाजी म्हणाले, "मंग त्याले सांग, आमालेबी तेवढ्यातच वापरा म्हनाव."

आता काळ्या मातीची गोष्ट, कारण खरं शिक्षण मला तिनेच दिलं. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर आमचं वावर असं काळं होतं की त्यावर पाय ठेवायला जीव धजत नाही. त्याचा फोटो काढला, तर राखेसारखा करडा. डिसेंबरात अंगणातल्या कापसाच्या ढिगाचा काढला, तोही करडा! एकाच कॅमेऱ्याला काळं काळं दिसेना आणि पांढरं पांढरं दिसेना. कारण साधं आहे. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्याला माती काय नि कापूस काय, ओळखता येत नाही. समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून तो हिशेब करतो. काळं आलं की म्हणतो उजेड कमी पडला, वाढवा. पांढरं आलं की म्हणतो फार झाला, घटवा. म्हणून आपण त्याच्या उलट जायचं. अधिक-उण्याचं एक बटण असतं. काळ्या वावरात मी उणे एकवर जातो, कापसाला अधिक एकच्या आसपास. वावरात पांढरा बैल असेल तर उण्यात जावंच लागतं, नाहीतर बैलाच्या जागी नुसतं पांढरं भगदाड उरतं. फोन हे सगळं स्वतःच करतो, चार-सहा फोटो एकावर एक रचून सावल्या उजळून देतो. त्यात धाब्याच्या घराच्या आतला अंधारही उजळून निघतो, आणि मला तो अंधार पाहिजे असतो. मे महिन्यात बाहेरून आत पाऊल टाकल्यावर डोळ्यांना क्षणभर काहीच दिसत नाही, मग हळूच माठ दिसतो, मग बाज, मग बाजेवरचं माणूस. तसाच.

पण हेही माझं मुख्य उत्तर नाही. कॅमेऱ्यात तारीख जपायला एक वेगळा बटणाएवढा सेल असतो. तो मेलेला आहे. पेन्सिल सेल बदलले की कॅमेरा मला तारीख विचारतो, आणि मी ती भरत नाही. त्यामुळे माझ्या सगळ्या फोटोंवर कधीची तरी खोटीच तारीख आहे. यात जीपीएस नाही, सिम नाही, काहीच नाही. हा फोटो कोणत्याही अर्जाला जोडता येत नाही. गावाला हे कळायला दोनेक महिने लागले असतील. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांजवळ एक ढोरकी आबाजी असतात, कापूस मुंबईला न्यायला इंग्रजांच्या काळात ज्या अडीच फुटी रुळांवरून गाडी धावायची, त्याच रुळांवर. आता तिथं तरोटा आणि वेडी बाभूळ माजली आहे. त्यांनी मला विचारलं, "हा फोटू कुठी जमा कराचा हाय?"

"कुठंच नाही, आबाजी."

"तालुक्याले?"

"नाही."

"मंग काढ," म्हणाले आणि बिडी पेटवायला लागले. माझ्याकडे पाहिलंच नाही. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर कुणीतरी पहिल्यांदा बिडी पेटवताना फोटोत आलं.

लोक डबडं म्हणतात तेही कामाला येतं. डबड्यासमोर कोण ताठ उभं राहणार? पोट्टे तर त्याची टिंगल करत फोटोत येतात, म्हणजे हसत येतात. आखरावर सकाळी गाई जमतात तिथे मी थंडीत जातो. धुवारीत ढोरांच्या पाठी तेवढ्या दिसतात आणि कुणीतरी "ओ ऑपरेटर, बाजूले व्हा" ओरडत असतं. काही रस्ते मी मुद्दाम टाळतो. नाल्याकडची वाट सकाळी बायांची असते, तिथे कॅमेरा खिशात. बांगड्या-कुंकू बंद झालेल्या घरी विचारल्याशिवाय नाही. हे कुणी सांगावं लागत नाही, गावात वाढलात की कळतं.

सगळ्यात आवडता फोटो विचाराल तर कापसाच्या घरातला. आमच्याकडे वेचणी झाली की भावाची वाट पाहत कापूस घरातच साठवतात. पुढची खोली छतापर्यंत भरते, माणसं मागे सरकतात, अंगाला खाज सुटते, पोट्टे ढिगावर उड्या मारून शिव्या खातात. गेल्या जानेवारीत एका मोठीमायकडे कसला तरी कागद द्यायला गेलो. ती ढिगाला टेकून तूर निवडत होती. घराला एकच झरोका. पण त्यातून आलेला उजेड कापसावर पडून सगळीकडून परत येत होता. लग्नाचे फोटोग्राफर चेहऱ्यावर उजेड टाकायला पांढरा थर्माकोल धरतात, इथे तर अख्ख्या खोलीचाच थर्माकोल झालेला. तिच्या चेहऱ्यावर कुठे सावलीच नव्हती, आणि तरी प्रत्येक सुरकुती दिसत होती. मी अधिक एक केलं, श्वास रोखला, दोन फोटो काढले. ती सुनेला ओरडत होती, "अवं, चहा मांडला का नाई?" फोटोत ते ओरडणं आहे. तोंड उघडं, हात सुपात.

दारव्ह्याच्या स्टुडिओतून चार बाय सहाची प्रत काढून तिला दिली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "दात नाई एकबी, पण आवाज येते बाप्पा याच्यातून." मुलाने तो फोटो फ्रेम करून ओसरीत, दाराशेजारी, विजेच्या मीटरखाली टांगला. मला वाटलं होतं आत, देवाजवळ ठेवतील. पण मोठीमाय म्हणाली, तिथे मेलेल्यांचे असतात.

मागच्या महिन्यात तिच्या घरकुलाचं शेवटचं काम झालं आणि पूर्ण घराच्या फोटोसाठी अभियंते आले. मोठीमायला दारासमोर उभं केलं. ती ताठ झाली, पदर सारखा केला, हात मांड्यांना चिकटवले. त्यांनी फोनवर फोटो काढून मला दाखवला, सगळं घर आलं का बघा म्हणून. आलं होतं. मोठीमाय होती, दार होतं, मीटर होतं, आणि मीटरखाली फ्रेममध्ये दुसरी मोठीमाय सुनेला ओरडत होती. अभियंत्यांच्या ते लक्षात आलं नाही. मी म्हटलं, "चालते साहेब, टाका." तेव्हा आता ती कुठल्याशा फाईलमध्ये अक्षांश-रेखांशासकट जमा आहे.