जुन्या मोटरहोमचा मालट्रक करताना: माझा अनुभव

अमेरिकेत पंचवीस-तीस वर्षांच्या मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्या, स्वस्तात मिळतात. छत गळून मागचं घर कुजलेलं असतं, इंजिन आणि चासी (खालचा लोखंडी सांगाडा) मात्र फारशी झिजलेली नसते. आमची गाडी १९९३ ची फोर्ड ई-३५०, २४ फुटी. पुढे व्हॅनची केबिन, मागे लाकडी सांगाड्यावरचं घर, ७.५ लिटरचं पेट्रोल व्ही-८ इंजिन आणि मागे जोडचाकं.

कापाकापीच्या आधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरची पाटी वाचायची. आमच्या पाटीवर एकूण कमाल वजन ११,५०० पौंड आणि मागच्या एक्सलची मर्यादा ७,८१० पौंड होती. २१५/८५ आर १६ चे टायर जोडीत ८० पीएसआय हवेच्या दाबाला प्रत्येकी २,४७० पौंड पेलतात, म्हणजे चार टायर मिळून ९,८८०. हा आकडा बघून कुणी खूश होऊ नये. पाटीवरचा कमी आकडाच खरा, कारण त्यात पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या), ब्रेक, बेअरिंग सगळं धरलेलं असतं. आणि टायरचं वय बघा. मोटरहोम वर्षानुवर्षं उभी राहते, नक्षी नव्यासारखी दिसते आणि आतून रबर गेलेलं असतं. कडेवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. आम्ही सहाही टायर बदलले.

मोडतोड गॅसपासून सुरू करायची. प्रोपेनची टाकी रिकामी करून उतरवली, मग मैल्याची टाकी धुऊन काढली, घराची बॅटरी सोडवली. जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो. त्याची नळी टाकीपाशीच बंद करावी, नुसती मुरगळून ठेवू नये. फ्रिज अखंड बाहेर काढायचा. त्याच्या नळ्यांत दाबाखाली अमोनिया असतो, तिथे ग्राइंडर लावायचा नाही. छतावरच्या एसीतला वायू हवेत सोडणं इथे बेकायदा आहे, तोही अखंडच जातो. भिंतीतल्या काचतंतूंची धूळ आणि उंदरांच्या लेंड्या, दोन्हींसाठी एन-९५ मास्क हवाच.

छत आधी, भिंती नंतर, जमीन शेवटी. भिंत आधी पाडली तर छत अंगावर येतं. पत्रा, लाकूड आणि खिळे एकाच भिंतीत असतात, म्हणून खिळ्यासकट लाकूड कापणारी पाती घ्यावीत. आमची डझनभर संपली. कचऱ्याला ३० घनयार्डाचा कंटेनर लागला. जमिनीचे बोल्ट गंजून चासीला चिकटलेले असतात. ते पान्याने सोडवत बसू नका, डोकी ग्राइंडरने उडवा. गॅस कटर वापरायचा मोह आवरा, ब्रेकची आणि पेट्रोलची नळी चासीच्या आतल्या बाजूनेच जाते.

घर निघालं की केबिनला मागची भिंत नाही हे दिसतं, आणि वरच्या पलंगासाठी छताचाही मोठा तुकडा कापलेला असतो. घराचं वजन आणि सांगाडा हाच केबिनचा आधार होता. तसंच उघडं ठेवून चार मैल जरी चालवली तरी दाराच्या चौकटी हलतात आणि समोरच्या काचेला कोपऱ्यातून तडा जातो. आम्ही घर उतरवण्यापूर्वीच केबिनच्या आतून दोन आडवे पाइप बोल्टने कसून ठेवले. भंगार यार्डातून त्याच पिढीच्या (१९९२ नंतरच्या) व्हॅनचं छत कापून आणलं, कडेला दोन इंच जास्त ठेवून. मागच्या भिंतीला १ इंची चौकोनी पाइपची चौकट आणि १८ गेजचा पत्रा. पत्रा सलग वेल्ड केला की तापून लाटा उठतात. इंचभर टाका इथे, मग दुसऱ्या टोकाला, असं करत जायचं. सांध्यावर सीम सीलर, म्हणजे फट बुजवणारा लेप. वेल्डिंगपूर्वी बॅटरी, अल्टरनेटर आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्लग काढला, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या वीतभर अंतरात लावला.

आता हौदा, म्हणजे माल ठेवायचा मागचा भाग. इथे बहुतेकांचं चुकतं. 'मला सोळा फुटी माल न्यायचा आहे' म्हणून सोळा फुटी हौदा बांधतात. हौद्याची लांबी मालावरून नाही, मागच्या एक्सलवरून ठरते. आमच्या गाडीच्या दोन एक्सलमधलं अंतर १५८ इंच, केबिनच्या पाठीपासून मागच्या एक्सलपर्यंत १०० इंच. केबिनमागे ४ इंच मोकळे सोडून १४ फुटी, म्हणजे १६८ इंची हौदा ठेवला, तर त्याचा मध्य केबिनपासून ८८ इंचांवर येतो, एक्सलच्या १२ इंच पुढे. सारखा पसरलेला ३,००० पौंड माल घेतला तर सुमारे २३० पौंड पुढच्या चाकांवर जातात. हौदा सोळा फुटी केला की मध्य बरोबर एक्सलवर येतो, आणि पुढच्या चाकांना मालाचा एक पौंडही मिळत नाही. त्यापलीकडे माल मागे सरकला की पुढचं वजन उलट उचललं जातं. २,००० पौंडांचं एक पॅलेट एक्सलच्या ३ फूट मागे ठेवलं, की पुढच्या चाकांवरून सुमारे ४५५ पौंड कमी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं, ओल्या रस्त्यावर ते फार वाईट.

मोटरहोमवाल्याने मागच्या लांबीसाठी चासीला हलक्या चॅनलचा (इंग्रजी 'सी' आकाराच्या लोखंडी पट्टीचा) जोड वेल्ड केलेला असतो. तो घराचं बंपर पेलायला होता. त्यावर हुक किंवा रॅम्प बसवू नका. आम्ही तो जोड कापला आणि मूळ चासीपाशी थांबलो.

हौद्याचे दोन लांब तुळये ४ इंची चॅनलचे, फुटाला ५.४ पौंडांचे. चासीची रुंदी ३४ इंच, तुळये नेमके तिच्यावर. आडवे चॅनल ३ इंची, फुटाला ४.१ पौंडांचे, दर १६ इंचांवर, एकूण १२. भोवती त्याच चॅनलची कड, रुंदी ८ फूट. वर प्रक्रिया केलेल्या पाइनच्या २ बाय ८ च्या १३ फळ्या, एकमेकींना अगदी खेटून. वाळल्यावर फट आपोआप पडते. लोखंड सुमारे ७२५ पौंड आणि लाकूड सहाशेच्या आसपास, त्यात पुढची जाळी आणि बोल्ट.

चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, वेल्डही नाही. ताण तिथेच सर्वांत जास्त असतो आणि चीर तिथूनच धावते. मागे ३/८ इंची पट्ट्या चासीच्या उभ्या भागात १/२ इंची ग्रेड ८ बोल्टने, पुढे ५/८ इंची यू-बोल्ट. पुढे यू-बोल्टच हवेत, कारण खड्ड्यात चासी पिळते आणि हौद्याने तिला थोडं पिळू द्यावं. यू-बोल्ट कसताना चॅनलची पट्टी आत वाकते, म्हणून चॅनलच्या पोटात लोखंडी ठोकळा घालायचा. लाकडी घातला आणि जवळून सायलेन्सर जात असेल तर तो जळतो. तुळयाचं पुढचं टोक तिरकं कापावं, चौकोनी कोपरा चासीला चावतो.

पेट्रोल भरायचं तोंड घराच्या भिंतीत होतं. ते हौद्याच्या कडेखाली आणलं. भरायची नळी सलग उताराने आणि हवेची नळी कुठेही झोळ न पडता जायला हवी; झोळात पेट्रोल साचलं की पंपाची नोझल दर दोन लिटरला टक्कन बंद होते. ८० इंचांहून रुंद गाडीला कडेचे दिवे आणि मागे मधोमध तीन लाल दिवे लागतात. एलईडी लावले की इंडिकेटर भराभर लुकलुकतो. इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर इलेक्ट्रॉनिक घालावा.

ट्रक स्टॉपच्या काट्यावर रिकामी गाडी भरली ६,७८० पौंड: पुढे ३,४७०, मागे ३,३१०. दोन माणसांचं वजन वजा केलं तर माल साधारण ४,३७० पौंड नेता येतो. मागच्या एक्सलच्या आधी पाटीवरचं एकूण वजनच आड येतं. रिकामी असताना पाटे मोटरहोमच्या वजनाचे असल्याने गाडी उड्या मारते आणि जोराच्या ब्रेकला मागची चाकं लवकर लॉक होतात. एक पाटा कमी करा असं सांगणारे भेटतील. आम्ही केला नाही, पाटीवरचा आकडा त्या पाट्यांसकटचा आहे.

कागदावर 'मोटरहोम'चा 'ट्रक' करायला आमच्या राज्यात काट्याची चिठ्ठी आणि तपासणी लागली. विमा कंपनीला आधी कळवा, मोटरहोमची पॉलिसी मालट्रकला चालत नाही. हे वाचून पुण्या-नाशकात कुणी ग्राइंडर उचलू नये. तिकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मंजुरीशिवाय करता येत नाही.

शंभर मैलांनी चाकांचे नट आणि सगळे यू-बोल्ट पुन्हा कसले. प्रत्येक नटावर आणि पट्टीवर एकच पिवळी रेघ ओढून ठेवली आहे; रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.