नखुर्डे समजून घालवलेले दोन महिने

आमच्या कुत्र्याच्या, काळ्याच्या, पुढच्या उजव्या पायाचे कडेचे बोट सुजले तेव्हा कापसाची वेचणी चालू होती आणि धुऱ्यावर बाभळीच्या काट्यांना तोटा नव्हता, त्यामुळे काटाच मोडला असणार असे घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकले. आईने हळद-तेल बांधले. पुढे नख वाकडे होऊन गळून पडले, तरी मी त्याला नखुर्डेच म्हणत राहिलो. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून आणलेल्या गोळ्यांनी सूज उतरली आणि आठवडाभरात पुन्हा चढली. त्या उतारानेच मला फसवले, कारण कर्करोगाच्या अशा गाठीत अनेकदा जंतुसंसर्गही असतो आणि औषधाने तेवढाच कमी होतो.

दोन महिन्यांनी नागपुरात पंजाचा एक्स-रे काढला, तर नखाच्या आतले शेवटचे हाड कुरतडल्यासारखे दिसले. जुन्या संसर्गानेही हाड असे झिजू शकते, म्हणून बायोप्सी केली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला, आणि अहवालात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेच्या पेशींचा कर्करोग, असे निदान आले. कुत्र्यांच्या बोटांत हाच अधिक आढळतो. त्याखालोखाल येणारा मेलानोमा शरीरात पसरण्याच्या बाबतीत जास्त वाईट. मोठ्या बांध्याच्या, काळ्या रंगाच्या, उतारवयातल्या कुत्र्यांत, विशेषतः लॅब्राडॉर, रॉटवायलर, जायंट श्नाउझर यांच्यात, बोटाचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा जास्त दिसतो. आमचा काळ्या दहा वर्षांचा असला तरी पक्का गावठी आहे, तेव्हा त्याच्या रंगाला मी दोष देत नाही.

गाठ खरवडून भागत नाही, सांध्यापासून बोटच काढावे लागते, हे ऐकून वडील म्हणाले, "पंजा अधू झालेला कुत्रा राखणीच्या काय कामाचा?" पंजावरचा भार मुख्यतः मधली दोन बोटे पेलतात, हे डॉक्टरांनी त्यांना स्वतःचा हात टेबलावर टेकवून दाखवले. शस्त्रक्रियेआधी, कर्करोग पसरला आहे का हे पाहायला, खांद्यापुढच्या लसिका ग्रंथीतून सुईने पेशी घेतल्या व छातीचा एक्स-रे काढला. दोन्हींत काही सापडले नाही.

काळ्या आता वावरात रोह्यांमागे पूर्वीसारखाच धावतो. छातीचा पुढचा एक्स-रे व्हायचा आहे. दर रविवारी मी त्याची उरलेली नखे एकेक करून दाबून पाहतो, आणि प्रत्येक वेळी तो पाय ओढून घेतो.