४२.१९५ किलोमीटर आणि एक रुमाल

आज मॅरेथॉन पूर्ण केली. 'धावलो' म्हणायची हिंमत होत नाही, कारण शेवटचे दहा-बारा किलोमीटर मी बहुतेक चाललोच.

तयारी म्हणाल तर सगळ्यात लांबचा सराव २४ किलोमीटरचा, तोही महिन्याभरापूर्वी. त्यात परवापासून घसा खवखवत होता आणि काल रात्री नाक चोंदलं. धावणाऱ्यांमध्ये एक ढोबळ नियम चालतो: त्रास मानेच्या वर असेल तर हळूहळू धावायला हरकत नाही, ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल तर मुकाट्याने घरी बसायचं. पहाटे तीनदा थर्मामीटर लावला. ताप नव्हता. (असता तर बरं झालं असतं, असं एकदा वाटून गेलं. खोटं कशाला बोलू!)

पहिले २० किलोमीटर झकास गेले आणि तिथेच फसलो. नाडीचे ठोके नेहमीपेक्षा बरेच जास्त दिसत होते, तरी घड्याळाकडे काणाडोळा केला. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे स्नायूंमधलं ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) संपत आलं की काय होतं, हे नुसतं वाचलं होतं. आज पायांनी शिकवणी घेतली. पोटऱ्यांत गोळे, घशाला कोरड, श्वास फक्त तोंडाने. ३६व्या किलोमीटरला एक आजोबा शांतपणे मला मागे टाकून गेले. जाता जाता म्हणाले, "नाक पुसा आणि चला."

पुसलं. चाललो.

५ तास ४८ मिनिटं. पदक गळ्यात आहे, आवाज मात्र गेलाय. जिना उलटा उतरतोय. उद्या फोन नको, मेसेज करा.