जूनची वही आणि जानेवारीची वही

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, मुंबईत महापालिकेच्या एका हॉस्पिटलात, लहान मुलांच्या मानसोपचार ओपीडीत. रोज एक तरी आई मला विचारतेच, "मॅडम, रक्त तपासून कळेल का हो याला नक्की काय झालंय ते?" आणि मी इतकी वर्षं एकच उत्तर देत आलेय, नाही ताई, हे रक्तात कळत नाही.

उत्तर खोटं नाहीये. एडीएचडी असो, म्हणजे लक्ष न लागणं आणि अति चळवळेपणा, की कंडक्ट डिसऑर्डर, म्हणजे सतत मारामारी, नियम मोडणं, रक्ताची नळी लॅबला पाठवून निदान होत नाही. संशोधन खूप चालू आहे, सतत मारामारी करणाऱ्या मुलांची बसल्या जागी नाडी सरासरीने थोडी हळू असते, लाळेतल्या कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनवरही बराच अभ्यास झालाय, पण ते सगळं शेकडो मुलांच्या सरासरीचं, माझ्यासमोर बसलेल्या एका पोराबद्दल ते काहीच सांगत नाही. काही पालक हजारो रुपये घालवून ब्रेन मॅपिंगचा रंगीत रिपोर्ट घेऊन येतात. अमेरिकेत 2013 मध्ये ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखावर, चालणाऱ्या एका मशीनला एडीएचडीसाठी परवानगी मिळाली खरी, पण तीही डॉक्टरांच्या तपासणीला जोड म्हणून, नुसत्या त्या आलेखावर निदान करायला नाही. आम्ही हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड एवढं बघतो, कारण अंगात लोह कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं की मूल चिडचिडं होतं, अभ्यासात लक्ष लागत नाही.

पण गेल्या वर्षी जानेवारीत एक दिवस असा आला की तेव्हापासून हे उत्तर देताना मी जरा थांबते.

मुलगा भांडुपचा, सातवीतला, बारा वर्षांचा. त्याला इथे ओंकार म्हणते, खरं नाव वेगळं आहे. वडील रिक्षा चालवतात, आई दोन घरी पोळ्या करते, मूळ गाव मालवणकडे. शाळेने चिठ्ठी देऊन पाठवलं होतं, वर्गात लक्ष नाही, उलट बोलतो, बाकावरच्या मुलाला कंपास मारला, लिहायला सांगितलं की वही फेकतो. डिसेंबरमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा मीच त्यांना बघितलं होतं. टीचरच्या फॉर्मवरचे मार्क एडीएचडीकडे जाणारे होते. आईला विचारलं कधीपासून असं आहे, ती म्हणाली "पहिल्यापासूनच द्वाड आहे हो", आणि मी ते तसंच लिहून घेतलं. एडीएचडी म्हणायला लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसायला लागतात, घरी आणि शाळेत दोन्हीकडे, हे मला पाठ आहे, पण पहिली-दुसरीत शाळेत कसा होता, मार्क किती पडायचे, हे मी त्या दिवशी विचारलंच नाही. बाहेर पन्नास पेशंट थांबलेले असतात हे खरं आहे, पण म्हणून माझी चूक कमी होत नाही. आयक्यू टेस्टसाठी सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली.

तर जानेवारीत टेस्टला बसला. तोंडी प्रश्नांची उत्तरं चांगली दिली, उलट त्याच्या वयापेक्षा थोडी वरचीच, पण शब्द जड येत होते, तोंडात गोळी ठेवून बोलल्यासारखे. मग पेन्सिलीने वाट काढायचं चक्रव्यूहाचं कोडं दिलं. वाट त्याला कळत होती, आधी बोटाने बरोबर दाखवली, पण पेन्सिल हातात घेतली की रेघ भिंतींवरून जायची. तिसऱ्या कोड्याला त्याने पेन्सिल टेबलावर आपटली आणि "मला नाही येत" म्हणून ओरडला. डाव्या हातात रुमालाचा बोळा होता, अधूनमधून तोंडाला लावायचा. मला वाटलं घाबरलाय. नंतर बघितलं तर रुमाल चिंब ओला होता.

आईला आत बोलावलं. ती आधीच वैतागलेली, तिने पिशवीतून दोन वह्या काढून माझ्यापुढे टाकल्या, "बघा मॅडम, मुद्दाम करतो की नाही तुम्हीच सांगा." दोन्ही मराठीच्या, एक जूनमधली, एक चालू. जूनच्या वहीत टपोरं अक्षर, शिरोरेषा पट्टी लावून मारल्यासारखी, काना-मात्रा जागच्या जागी, बाईंचा लाल पेनाने "छान" असा शेरा. चालू वहीत अक्षर मुंगीएवढं, शिरोरेषाच नाही, वेलांट्या अर्ध्यात तुटलेल्या, एके ठिकाणी एवढा जोर दिलेला की पेन्सिल खालच्या दोन पानांतून आरपार गेलेली.

मी त्या पानावर बोट ठेवून तशीच बसले. आळशी मुलाचं अक्षर गचाळ होतं, ते असं आकसत नाही.

मग आईला सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. चौथीपर्यंत पहिल्या पाचात यायचा. "द्वाड" म्हणजे मैदानात दंगा करायचा एवढंच. राग, रडणं, अक्षर बिघडणं, सगळं गेल्या सात-आठ महिन्यांतलं. झोपेत उशी ओली होते. आधी काही मोठं आजारपण? नाही. जरा वेळाने तिला आठवलं, नऊ वर्षांचा असताना गावी कावीळ झाली होती, झाडपाल्याचं औषध दिलं, महिन्यात उतरली. नात्यात लग्न आहे का विचारलं तर म्हणाली, हो, मामाचाच मुलगा आहे की. ओंकारला म्हटलं दोन्ही हात समोर लांब धर. धरले, आणि ते पंख फडफडावेत तसे हलायला लागले.

मी उठून सरांकडे गेले, आमच्या युनिटचे डॉक्टर. एवढंच सांगितलं, अक्षर, लाळ, बोलणं, हात, जुनी कावीळ. त्यांनी समोरची केस थांबवली, ओंकारला दोन मिनिटं तपासलं आणि म्हणाले आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या ओपीडीत घेऊन जा, स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनवर, बघायला सांग.

डोळ्यांच्या रेसिडेंट डॉक्टरने मलाही त्या मशीनमधून बघू दिलं. बुबुळाच्या कडेला, जिथे पारदर्शक पडदा संपून पांढरं सुरू होतं तिथे, हिरवट-तपकिरी रंगाची कड होती, जुन्या पितळेवर चढते तशी. तांबं. शरीरातून बाहेर पडायचं ते तांबं डोळ्यात येऊन बसलं होतं.

विल्सन डिसीज. किनियर विल्सन या डॉक्टरने 1912 मध्ये याच्यावर सविस्तर लिहिलं म्हणून ते नाव. जेवणातलं जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं, त्यासाठी लागणारा एटीपी7बी नावाचा जीन आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेला मिळाला की ते बाहेर पडत नाही, आधी यकृतात साठतं, मग मेंदूत. साधारण तीस हजारांत एक जण. कधी कधी सगळ्यात आधी स्वभाव बदलतो, मार्क घसरतात, आणि घरातले, शाळेतले, आमच्यासारखे सगळेच पोराला बोल लावतात.

रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, या आजारात घटतं; ते साधारण वीसच्या वर असतं, त्याचं सहा आलं. लिव्हरचे एन्झाइम वाढलेले. मग चोवीस तासांची लघवी गोळा करायची होती, सकाळची पहिली सोडून द्यायची आणि तिथून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची एकूण एक, लॅबने दिलेल्याच कॅनमध्ये, धातूचं भांडं लागलेलं चालत नाही. ती माऊली पाच लिटरचा तो कॅन काळ्या पिशवीत गुंडाळून सकाळच्या गर्दीच्या लोकलने भांडुपहून घेऊन आली, मांडीवर ठेवून, एक थेंब सांडू न देता. चोवीस तासांत शंभर मायक्रोग्रॅमच्या वर तांबं गेलं की संशय पक्का होत जातो, याचं तीनशेच्या पुढे होतं.

त्या दिवशी आजीपण आली होती. आहाराचं सांगताना डायटीशियन म्हणाली तिसऱ्या, कुर्ल्या, कलेजी, काजू, चॉकलेट बंद, आणि घरात तांब्याच्या भांड्यातलं पाणी असेल तर तेही बंद. आजी एकदम रडायलाच लागली. "तांब्यातला पाणी मियांच पाजलंय तेका रोज, चांगला म्हणान." तिला खूप समजावलं, आजी, पाण्याने हे झालेलं नाही, हे जन्मापासूनचं आहे, घरातल्या सगळ्यांनी तेच पाणी प्यायलंय ना. तिला पटलं की नाही माहीत नाही. पुढच्या वेळी आई म्हणाली, आजींनी तो हंडा माळ्यावर टाकलाय.

औषध आहे ही या आजारातली मोठी गोष्ट. 1956 मध्ये जॉन वॉल्श यांनी अंगातलं तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं पेनिसिलामाइन वापरून दाखवलं, त्याच्या आधी पोटातून घेता येईल असं खात्रीचं काही नव्हतं. गोळी उपाशीपोटी, आयुष्यभर. मेंदूवर परिणाम झालेल्यांना सुरुवातीला त्रास उलट वाढू शकतो, म्हणून डोस हळूहळू वाढवतात. ओंकारचे पहिले दोन महिने वाईट गेले, हात जास्तच थरथरायचे, आई रात्री फोन करून रडायची. मग हळूहळू लाळ थांबली. राग बराच कमी झालाय. बोलणं अजून थोडं जड आहे, अक्षर जूनसारखं झालेलं नाही, शाळेत रायटर घेऊन पेपर देतो. मी शाळेत जाऊन बाईंना भेटले, त्यांनी जूनची वही हातात घेतली आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

त्याची धाकटी बहीण आठ वर्षांची. सख्ख्या भावंडाला चारात एक शक्यता असते, म्हणून तिलाही तपासलं. खेळणारी, हसणारी, वर्गात पहिली येणारी पोरगी, कसलाही त्रास नाही, आणि तिचंही सेरुलोप्लाझ्मिन आठ, जीनची टेस्टही पॉझिटिव्ह. तिला आत्ताच झिंक सुरू केलंय, ते जेवणातलं तांबं अंगात शोषू देत नाही. गोळीने मळमळतं म्हणून कुरकुर करते, ओंकार तिच्यासमोर आपली गोळी आधी घेतो आणि मग तिला घ्यायला लावतो.

परवा एक बाई मुलीला घेऊन आल्या, नववीतली, शाळेची तशीच चिठ्ठी. म्हणाल्या, रक्तात कळेल का हो? मी म्हटलं, बहुतेक नाही कळणार, पण आधी मला हिच्या गेल्या वर्षीच्या वह्या दाखवा. रद्दीत गेल्या म्हणाल्या. मग म्हणाल्या थांबा, आठवीची एक निबंधवही कपाटात आहे बहुतेक, सोमवारी घेऊन येते.