निर्लेखनाच्या यादीतलं ‘निवेदन’

पावसाळा संपला की आमच्या वाचनालयात निर्लेखनाचं, म्हणजे जुनी, कोणी न नेणारी पुस्तकं संग्रहातून काढण्याचं काम निघतं. फोंडा तालुक्यातली दमट हवा कागदाला सोसत नाही. कसर, बुरशी, वाळवी, काही ना काही लागतंच. कपाटं रिकामी करायची, पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवरच्या तारखा बघायच्या आणि बरीच वर्षं कोणी नेलं नसेल तर यादीत टाकायचं, ही आमची रीत.

यंदा असाच ढीग टेबलावर असताना आमच्या एक जुन्या वाचक आल्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणतात. पुस्तक परत करायला आल्या आणि ढिगाशीच थांबल्या.

‘रणांगण’ उचलून म्हणाल्या, “हे काढताय? 1939 मध्ये, युद्ध पेटलं त्याच साली आलेली कादंबरी. बोटीवरच्या त्या ज्यू मुलीची तेव्हा किती मराठी माणसांना फिकीर होती? बेडेकरांना होती.” मी ते मुकाट्याने बाजूला ठेवलं. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ तर त्या दर वर्षी त्या त्या महिन्याला एकेक प्रकरण करत वाचतात, त्यामुळे त्यावर बोलायचं कारणच नव्हतं.

नेमाड्यांच्या ‘कोसला’ कादंबरीवर मात्र आमचं जुंपलं. नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं सोडली तर त्या नायकाच्या, पांडुरंगाच्या कंटाळ्याचा आपल्यालाही कंटाळा येतो, असं त्यांचं ठाम मत. मला ते अजिबात मान्य नाही. तो कंटाळा आधी मनात भिनला नसता, तर मनीचं जाणं इतकं लागलंच नसतं.

मग त्यांच्या हाती बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’ हे आत्मचरित्र आलं. मुखपृष्ठ सुटलेलं, चिठ्ठी जवळजवळ कोरी. बाई खुर्ची ओढून बसल्या.

“आपल्या गोव्यातल्या सांकवाळचा माणूस. बुद्धाच्या ओढीने 1899 मध्ये घर सोडून निघाला. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल म्हणजे आजची श्रीलंका. खिशात पैसा नाही, ओळख नाही. वाचताना ऊर भरून येतो. पण बाय, खरं सांगू? प्रत्येक वेळी मला घरी राहिलेली त्याची बायको दिसते. पदरात लहान मुलगी. तिचं निवेदन कुठे आहे?”

मी काही बोलणार, तोवर त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ मागितलं. त्यांचे पती, कवी रेव्हरंड टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मागे राहिल्या आणि पुढे 1900 मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. “चार वर्षांच्या अंतराने दोन पुरुष धर्मासाठी निघाले,” बाई म्हणाल्या. “एकाची गोष्ट त्याने स्वतः सांगितली, दुसऱ्याची त्याच्या बायकोने. ही दोन एकापाठोपाठ वाचायची. एक वाचून थांबलं तर अर्धंच कळतं.”

इतकी वर्षं ही दोन्ही पुस्तकं माझ्या हातून गेली, आत्मचरित्रांच्या एकाच कपाटात उभी राहिली, आणि अशी जोडून कोणी मला दाखवली नव्हती. कोऱ्या चिठ्ठीवरून मी ‘निवेदन’ काढायला निघाले होते, याचं मला फार वाईट वाटलं.

यादीतलं ते नाव मी त्यांच्यासमोरच खोडलं आणि पुस्तक बांधणीला पाठवलं. बाईंनी ‘कोसला’ घरी नेलं. पुन्हा वाचून बघते म्हणाल्या, पण मत बदलेल अशी आशा धरू नका.