तुम्ही विचारलंत म्हणून: आईला मधल्याच शहरात कशाला फिरवतेस?

आईला परदेशातल्या भावाकडे न्यायचं असलं की मी मुद्दाम नऊ-दहा तासांचा लेओव्हर, म्हणजे दोन विमानांमधला थांबा, शोधते आणि त्या वेळात तिला घेऊन विमानतळाबाहेर पडते. हे कळलं की प्रत्येक जण तेच विचारतो. सत्तरी ओलांडलेल्या बाईला अनोळखी शहरात कशाला दमवतेस? विमान चुकलं म्हणजे? त्यापेक्षा आत निवांत बसावं. मावशी विचारून थकली, भाऊ दर फोनला विचारतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

निवांत बसणं कसं असतं ते आधी ऐका.

एकदा आई भावाकडून एकटी परत येत होती. तिला चालता येतं, चांगलं येतं. व्हीलचेअर मागितली होती ती भाषेच्या अडचणीपायी आणि गेटं लांब असतात म्हणून. एकट्यानं प्रवास करणारे कितीतरी आईवडील त्याचसाठी मागतात. मधल्या विमानतळावर नऊ तास होते. एका मुलानं तिला ढकलत नेलं, व्हीलचेअरवाल्यांसाठी राखलेल्या कोपऱ्यात रांगेत लावलं, बोर्डिंग पास तिथल्या काउंटरवर दिला आणि तो निघून गेला. समोर भिंत होती. वायफायला ओटीपी हवा होता, आणि ओटीपी येणार तो तिथे न चालणाऱ्या सिमवर. इकडे विमान उतरल्याचं ॲपवर बघून मी फोन हातात धरून बसलेली. पाण्याचा नळ तिला बसल्या जागेवरून दिसत होता. ती बाटली घेऊन उठली, तर काउंटरवरची बाई हात हलवत 'सिट, सिट' करत आली. थोड्या वेळानं पुन्हा उठली, पुन्हा तेच. मग बीपीची गोळी तिनं कोरडीच गिळली. नंतर कुणीतरी पाणी देऊ केलं, तेही तिनं घेतलं नाही. 'पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागणार, त्यासाठी परत कुणाची तरी विनवणी करायची. म्हटलं नकोच.'

हे तिनं आल्या आल्या सांगितलं नाही. काही दिवसांनी कपड्यांच्या घड्या घालता घालता सहज बोलावं तसं बोलली. 'सामान ठेवतात ना, तसं ठेवलं होतं बघ मला.' मला रडू आलं, त्याचंच तिला नवल वाटलं. मी तक्रार केली. उत्तर आलं, प्रवाशाला वेळेवर विमानात पोहोचवण्यात आलं होतं. पोहोचवलं होतंच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

तोवर मीही दीड तासाचं कनेक्शन मिळालं की खूश होणारी होते. त्या वेळचं माझं म्हणणं होतं, मधला वेळ जितका कमी तितका त्रास कमी. आजही ते मला पुरतं खोडता येत नाही. पण व्हीलचेअरवाल्यांना बहुधा सगळ्यांत शेवटी उतरवतात, आणि दीड तासातला बराचसा वेळ तिथेच जातो. उरलेल्यात धावपळ. वेळ कमी झाला म्हणून त्रास कमी होतोच असं नाही.

पुढच्या खेपेला मी बरोबर गेले. कतारमधलं दोहा, नऊ तास. दोघींची तिकिटं एकाच पीएनआरवर, बॅगा थेट शेवटच्या मुक्कामाला लावलेल्या, औषधं हातातल्या पिशवीत. व्हिसाचं घरूनच तपासलं होतं. उतरून इमिग्रेशन होईपर्यंत दीड तास धरला, उड्डाणाच्या तीन तास आधी परत, मधली ये-जा वजा केली की हातात साडेतीन तास. एवढ्यात एकच ठिकाण होतं, दोन नाही. शहर 'कव्हर' करायला निघालेल्यांचं मला पटत नाही.

आम्ही म्युझियम ऑफ इस्लामिक आर्टला गेलो. वास्तुविशारद आय. एम. पेई यांनी बांधलेलं, २००८ साली उघडलं तेव्हा ते ९१ वर्षांचे होते. पुढे आजूबाजूला इमारती उठून गर्दी होऊ नये म्हणून त्यांनी किनारा सोडून खास भर घालून केलेलं बेट मागून घेतलं. हे आईला सांगितलं तर म्हणाली, 'एक्याण्णव? आणि तुम्ही मला बसवून ठेवता.' आत ४५ मीटर उंच काचेची खिडकी आहे, पलीकडे सगळी खाडी. तिथे ती बराच वेळ उभी राहिली. मग पितळी ॲस्ट्रोलेबपाशी, म्हणजे ताऱ्यांची जागा मोजायच्या जुन्या चकतीपाशी, थांबून तिथल्या रखवालदारालाच विचारायला लागली, खुणांनी आणि मराठीत. त्यानं बोट वर करून तारे दाखवले, हातानं चकती फिरवल्यासारखं केलं. तिला समजलं. मी मधे पडले नाही. बाथरूम तिनं स्वतः शोधलं, येताना बाटली भरून आणली.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल लपवते. परतीच्या सिक्युरिटीला मोठी रांग होती आणि माझ्या पोटात गोळा आला होता. गेट उड्डाणाच्या वीसेक मिनिटं आधी बंद होतं, त्यानंतर तुमचं वय कुणी विचारत नाही. पुढच्या विमानात आईचे पाय सुजले. फिरण्यानं की नुसत्या बसण्यानं, मला सांगता येणार नाही; भाऊ म्हणतो, फिरण्यानंच. आणि मी दर वेळी बाहेर नेते असंही नाही. तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील, व्हिसा जमत नसेल, बाहेर चाळिशीपार ऊन असेल, तर आम्ही आतच. हमादला, म्हणजे दोह्याच्या विमानतळावर, टर्मिनलमध्येच २०२२ पासून झाडांनी भरलेली बाग आहे, तिथे ती फेऱ्या मारते. आत असलो तरी मी तिला रांगेत लावू देत नाही.

या वेळी तिला सिंगापूर बघायचंय. तिथल्या चांगी विमानतळाला लागून असलेल्या ज्युएल मॉलमधला ४० मीटरचा धबधबा तिनं व्हिडिओत पाहिलाय. तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे, म्हणजे परत व्हिसाचं बघणं आलं. चांगीवरून ट्रान्झिट प्रवाशांना शहराची फुकट सफर मिळते, त्यासाठी किमान साडेपाच तासांचा लेओव्हर लागतो. भावाचं म्हणणं, बसमधून चढ-उतर तिला झेपणार नाही. आई म्हणते झेपेल. तिकिटं अजून काढलेली नाहीत.