एकवीस तासांचा हिशोब

आमचं गाव ब्रम्हपुरी आणि नागभीडच्या मधलं. मे महिन्यात बातम्यांत विदर्भाचं तापमान सांगतात तेव्हा ब्रम्हपुरीचं नाव हमखास येतं. तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसं सकाळीच परत येतात आणि मग संध्याकाळपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. शाळेला सुट्ट्या, समोर कूलर. वाचायला याहून बरे दिवस नाहीत. त्यामुळे पुण्याच्या मामेभावानं स्वतःचा जुना ई-बुक रीडर मला देऊन टाकला तेव्हा मी हरखलेच. त्याच्याकडे तो टेबलावर कायम चार्जरला लावलेला असायचा. इथं आणल्यावर मात्र वायर काढली की एक-दोन दिवसांत मान टाकायचा. "बॅटरी गेली असेल, फोनवर वाच," दादा म्हणाला.

फोनवर वाचायचं असतं तर रीडर आणलाच कशाला असता?

आधी ठरवलं, दिवस मोजायचे नाहीत, तास मोजायचे. या यंत्रांच्या जाहिरातीत "सहा आठवडे चालतो" असं मोठ्या अक्षरात असतं आणि खाली बारीक अक्षरात अटी: रोज अर्धा तास वाचन, वायरलेस बंद, उजेड मध्यम. ४२ दिवस गुणिले अर्धा तास, म्हणजे २१ तास. सुट्टीत रोज चार तास वाचणाऱ्या बाईला नवाकोरा रीडरसुद्धा पाचेक दिवसच पुरणार. दुधाचा हिशोब लिहिते त्याच कॅलेंडरवर वाचायला बसल्याची आणि उठल्याची वेळ लिहायला लागले. एकदा पूर्ण भरलेली बॅटरी चार-पाच तासांवर जाईना. म्हणजे दादाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, पण वीज वाचताना जाते की न वाचताना, हे अजून कळायचं होतं.

या पडद्याला चित्र टिकवायला वीज लागतच नाही. आत बारीक गोळ्यांमध्ये काळे-पांढरे कण असतात, पान उलटताना विजेच्या धक्क्यानं ते जागा बदलतात आणि मग तिथंच राहतात. खर्च होतो तो पान उलटताना, पुढच्या दिव्यांना आणि वायफायला. आणखी एक छुपा खर्च असतो. नवीन पुस्तकं टाकली की रीडर त्यातल्या शब्दांची सूची करत बसतो, म्हणजे पुढे शोधता यावं म्हणून. एखादी फाइल बिघडलेली असली की तिच्यावरच अडकतो आणि आपण झोपलो तरी तो जागाच. मी शोधाच्या चौकटीत काहीतरी निरर्थक अक्षरं टाकून पाहिली, तर सूची न झालेल्या पुस्तकांत एक स्कॅन केलेली जाडजूड पीडीएफ निघाली. ती काढून टाकली, विमान मोड लावला आणि रात्रभर ठेवून दिला. सकाळी बॅटरीच्या टक्क्यांचा आकडा जवळपास जागेवर होता.

पण वाचायला घेतल्यावर पुन्हा तेच. शंभरवरून चाळीसपर्यंत बऱ्यापैकी यायचा आणि तिथून एकदम बंद. गंमत म्हणजे दिवा अगदी कमी ठेवला की वीसपर्यंतही खेचायचा. इथं मला खूण पटली. जुन्या बॅटरीचा आतला रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, वाढलेला असतो. टाकीत पाणी असतं, पण पाइपात गाळ बसलेला, म्हणून दोन नळ एकदम सोडले की धार तुटते. दिवा पूर्ण लावला किंवा वायफाय चालू झालं की व्होल्टेज खाली बसतं आणि रीडर स्वतःला बंद करून घेतो. टक्केवारी हा तर मुळातच अंदाज असतो.

सल्ले देणारे कमी नव्हते. एकानं सांगितलं, पूर्ण संपू द्या आणि मग भरा, तीन-चारदा केलं की सुधारते. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली ही समजूत लिथियमला लागू नाही. एकदा पूर्ण उतरवून भरली तर टक्क्यांचा अंदाज थोडा सुधारतो, बॅटरी नाही. उलट वारंवार तळ गाठला तर तिचंच नुकसान. शेजारचे काका म्हणाले, फ्रीजमध्ये ठेव. थंडाव्यात बॅटरी हळू म्हातारी होते हे खरं, पण बाहेर काढल्यावर आमच्या हवेत तिच्यावर दव धरणार, त्याचं काय?

म्हातारपण येतं ते दोन वाटांनी. वापरून येतं आणि नुसतं पडून राहूनही येतं. आतल्या ग्रॅफाइटवर एक थर हळूहळू जाड होत जातो आणि कामाचं लिथियम त्यात अडकून पडतं. उष्णता आणि पूर्ण भरलेपण या दोन गोष्टी त्याला घाई करतात. नेहमी दिले जाणारे ढोबळ आकडे असे: २५ अंशांत ४० टक्के भरून वर्षभर ठेवली तर क्षमता ९६ टक्क्यांच्या आसपास उरते, ४० अंशांत तेवढीच भरून ठेवली तर ८५, आणि ४० अंशांत पूर्ण भरून ठेवली तर ६५. दादाच्या टेबलावर ती वर्षानुवर्षं शंभर टक्के भरलेली होती. वाचून झिजली असती तर वाईट वाटलं नसतं.

तेव्हा बॅटरी बदलायचीच. नव्या रीडरच्या किमतीच्या पाव भागातही न जाणारी बॅटरी ऑनलाइन मिळाली, पण यायला बराच वेळ लागला. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून मालाबरोबर नेण्यावर एप्रिल २०१६पासून बंदी आहे. मालवाहू विमानातही त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त भरलेल्या चालत नाहीत. रस्त्यानं यायचं म्हटलं की आपलं गाव शेवटी. मागवण्याआधी विक्रेत्याकडून उत्पादनाची तारीख मात्र विचारून घेतली. जुन्या मॉडेलची "नवी" बॅटरीही गोदामात म्हातारी झालेली असू शकते.

तालुक्याला बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं एक दुकान आहे. तिथल्या पोरानं रीडर उलटापालटा करून पाहिला.

"मॅडम, डिस्प्ले मेला का जी याचा? उजेडच नाही."

"नाही रे, तो असाच असतो. फक्त पडदा वाकू देऊ नको, आत काच आहे."

त्यानं हेअर ड्रायरनं कडेचा गोंद मऊ केला, प्लास्टिकची पातळ पट्टी घालून समोरची चौकट सोडवली, स्क्रू एका झाकणात काढून ठेवले. हात सरावलेला होता. आतली बॅटरी मधोमध फुगलेली निघाली. ती टोकदार हत्यारानं उचकटू नको असं मी म्हणायच्या आतच त्यानं प्लास्टिकची पट्टी हातात घेतली होती. जोडणी सोडवून बॅटरी बाजूला ठेवली, रीडर सरळ केला आणि तो थबकला. पडद्यावर झाडाचं चित्र जसंच्या तसं.

"बॅटरी काढली तरी फोटो दिसून राहिला ना!"

त्यानं शेजारच्या चहावाल्याला हाक मारली. आणखी दोघं आले. रीडर हातोहात फिरला, कुणी मागून पाहिलं, कुणी पडदा पुसून पाहिला. मी काळ्या-पांढऱ्या कणांची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली, वर्गात सांगते तशीच. मजुरीही त्यानं जेमतेमच घेतली.

आता दिवा मध्यम ठेवून कॅलेंडरवर अठराच्या आसपास तास भरतात. चार्जर साधा, ५ व्होल्टचा. ऐंशीच्या आसपास काढून घेते. हे सगळ्यात अवघड, कारण लाइनचा भरवसा नाही आणि दिसेल ते शंभर टक्के भरून ठेवायची आम्हाला पिढीजात सवय. पण हा फोन नव्हे. लाइन दोन दिवस गेली तरी अर्ध्या भरतीवर निभतं. टिनाच्या खोलीत, गाडीच्या डिक्कीत, खिडकीच्या उन्हात ठेवत नाही. मातीच्या भिंतीतल्या देवळीत ठेवते, घरात तिथंच काय तो गारवा.

फुगलेल्या बॅटरीचा प्रश्न उरलाच. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, पण आमच्या गावात ती घेणारं कुणी नाही. भंगारवाल्याला दिली तर तो हातोड्यानं ठोकणार. तेव्हा तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून, वाळू भरलेल्या डब्यात घालून गोठ्याच्या मागे सावलीत ठेवली आहे. नागपूरला ई-कचरा घेणाऱ्यांकडे पोचवायची आहे. एसटीत डबा मांडीवर घेऊन बसायचं म्हणजे कंडक्टरला आत काय आहे ते सांगावं लागेल, हे एक आहेच.